भाड्याची पाटी

१९५४ सालची गोष्ट. जपानमधल्या ओसाका भागात दुसरीत शिकणाऱ्या एका मुलाच्या खिशात आईला गणिताच्या चाचणीचा चुरगळलेला कागद सापडला. मार्क लपवण्याजोगेच होते. मुलाचं नाव ताकेशी, आईचं तेइको. वडील तोरू कुमोन हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, म्हणजे दिव्याखालीच अंधार. तेइकोबाईंनी विषय लावून धरला, तेव्हा कुमोन गुरुजी मुलासाठी सुट्या कागदांवर रोज गणितं लिहून ठेवू लागले. अभ्यास रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. सहावीत जाईपर्यंत पोरगा कॅल्क्युलस सोडवायला लागला.

बोलबाला झाला, तशी इतरांची मुलंही येऊ लागली. १९५५ मध्ये मोरिगुचीला पहिला वर्ग निघाला आणि १९५८ मध्ये ओसाकात रीतसर ऑफिस झालं. वर्ग वाढले तेव्हा ते चालवायला माणसं हवी होती. ती मिळाली आजूबाजूच्या घरांतच. शिकलेल्या, मुलं शाळेत जायला लागलेल्या गृहिणींनी वर्ग चालवायचे, कागद कंपनीने पुरवायचे आणि फीमधला वाटा कंपनीला द्यायचा, अशी रीत पडली. आज कुमोनची केंद्रं पन्नासहून अधिक देशांत आहेत, भारतातही आहेत. एका आईबापाने स्वतःच्या मुलासाठी केलेला घरगुती उपाय दुसऱ्या आयांच्या हाती व्यवसाय म्हणून गेला. ‘पालकांसाठी फ्रँचायझी’ या कल्पनेचं याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड.

त्याच्याही आधी अमेरिकेत मार्था माटिल्डा हार्पर होऊन गेली. कॅनडातल्या गरीब घरातली ही मुलगी सातव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी कामाला लागली आणि पुढची पंचवीस वर्षं तिने घरकामातच काढली. साठवलेल्या ३६० डॉलर्सवर १८८८ मध्ये तिने न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात केशप्रसाधनाचं दुकान काढलं. तिचे स्वतःचे केस जमिनीला टेकत, तीच तिची जाहिरात. १८९१ पासून तिने आपल्या नावाची दुकानं दुसऱ्या बायकांना चालवायला द्यायला सुरुवात केली. आधी दिली ती स्वतःसारख्या कष्टकरी बायकांना. ऐन भरात अशी सुमारे पाचशे दुकानं होती. मॅकडोनाल्ड्सच्या कितीतरी आधी, नाव एकीचं आणि दुकान दुसरीचं, हा व्यवहार एका मोलकरणीने बसवून दाखवला होता.

सकाळी पावणेनऊ

महाराष्ट्रात हा व्यवहार घरोघरी पोचला तो मुख्यतः नर्सरीच्या वाटेने. युरोकिड्स २००१ मध्ये आणि झी समूहाची किडझी २००३ मध्ये सुरू झाली. दोन्हींचा जन्म मुंबईचा. पाठोपाठ अबॅकस, फोनिक्स, रोबोटिक्स, हस्ताक्षर सुधारण्याचे वर्ग आले. खाण्याच्या धंद्यात २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर जम्बो किंग आणि २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव उभे राहिले. गेल्या दहाएक वर्षांत अमृततुल्य चहाच्या पाट्या पुण्यातून निघून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत गेल्या. या पाट्यांखाली गल्ल्यावर किंवा टेबलामागे पुष्कळदा जोडपं बसलेलं दिसतं, नाहीतर नोकरी सोडलेली आई.

तिने नोकरी का सोडली, याचं उत्तर बहुतेक घरांत ठरलेलं आहे. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण बारा जणांच्या ऑफिसात पाळणाघर कुठून येणार? सत्ताविसाव्या आठवड्यापासून आजी, सासूबाई किंवा सोसायटीतलं पाळणाघर यांच्यावर भिस्त. त्यातली एक कडी निसटली की राजीनामा. मूल पहिलीत गेलं, घर दुपारपर्यंत रिकामं झालं, की फ्रँचायझीची जाहिरात नेमकी डोळ्यांपुढे येते. स्वतःचा व्यवसाय, सोयीची वेळ, घराजवळ काम आणि मुलांकडेही लक्ष. माहितीपत्रकात साधारण याच चार गोष्टी असतात.

त्यातली ‘सोयीची वेळ’ आधी तपासून पाहायला हवी.

नर्सरीचा दिवस पावणेनऊला सुरू होतो. व्हॅनवाले काका चार मुलं उतरवतात, त्यातलं एक रडत असतं आणि एकाचा डबा व्हॅनमध्येच राहिलेला असतो. दोन मावशींपैकी एकीचा फोन येतो, आज जमणार नाही. मग केंद्राची मालकीण साडीचा पदर खोचून स्वतःच एखाद्याची ओली चड्डी बदलते, दुसऱ्या हाताने चौकशीला आलेल्या आईला फीचा तक्ता देते. साडेबाराला गेटवर पालकांची रांग लागते. कोणाला मुलाच्या कोपरावर ओरखडा का आला ते हवं असतं, कोणाला वही कोरी का ते. दुपारी एकनंतर खरी सामसूम. त्या वेळात हजेरीपट, कंपनीच्या ॲपवर फोटो, स्नेहसंमेलनाच्या वेषभूषेचा हिशेब. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर ‘मॅडम, उद्या कुठला रंग आहे?’ हा प्रश्न येतो. तरीही सगळ्या फ्रँचायझींत नर्सरीचं घड्याळ पालकांच्या घड्याळाशी त्यातल्या त्यात जुळतं. स्वतःचं मूल शाळेत असतं तेव्हा काम असतं, मे महिन्यात दोघांनाही सुट्टी.

अबॅकस आणि शिकवणीवर्गांचं उलट असतं. गुंतवणूक कमी लागते, एक खोली पुरते, म्हणून ते पालकांना आधी पटतात. पण दुसऱ्यांची मुलं शाळेतून सुटतात तेव्हाच आपलंही सुटतं. वर्गाची वेळ संध्याकाळी पाच ते आठ आणि रविवारी सकाळी. नेमकी हीच वेळ घरातल्या पोराच्या गृहपाठाची आणि जेवणाची. मुलासाठी वेळ मिळावा म्हणून घेतलेल्या केंद्रात तीस मुलं समोर बसलेली असतात आणि आपलं एकतिसावं कोपऱ्यात मोबाइल बघत असतं, हे दृश्य या क्षेत्रात नवं नाही.

खाण्यापिण्याच्या धंद्याला तर सुट्टीच नाही. वडापाव विकला जातो गर्दीच्या वेळी, आइस्क्रीम जेवणानंतर, मिठाई सणाला. अमूलच्या दुकानाचं उदाहरण पाहण्याजोगं आहे. साधारण दोन लाखांत लहान दुकान उभं राहतं, कंपनी रॉयल्टी मागत नाही, नफ्यात वाटा मागत नाही. मिळतं ते विक्रीवरचं कमिशन. आइस्क्रीमवर सरासरी वीस टक्के, इतर दुग्धपदार्थांवर दहाच्या आसपास आणि दुधाच्या पिशवीवर जेमतेम अडीच. साठ रुपयांच्या दुधामागे दीड रुपया. दुधाची गाडी उजाडायच्या आत येते आणि आइस्क्रीमचं गिऱ्हाईक रात्री दहाला. मधले तास कोण बसणार, हे दुकान घेण्याआधी घरात ठरलेलं असावं लागतं. ज्या घरात आजोबा सकाळी, आई दुपारी आणि बाबा रात्री अशी पाळी लागते तिथे हे दुकान तरतं. पगारी माणूस ठेवला की दीड रुपयातून त्याचा पगार काढायचा असतो.

चाळीस मुलं, साठ मुलं

आता पैशाकडे वळू. एखाद्या मध्यम शहरातल्या नर्सरीचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. आकडे गावागणिक, कंपनीगणिक बदलतील. मांडणी बदलणार नाही.

वर्षाची फी चाळीस हजार आणि मुलं चाळीस, म्हणजे जमा १६ लाख. कंपनीची रॉयल्टी पंधरा टक्के धरली तर २ लाख ४० हजार. त्या रॉयल्टीवर अठरा टक्के जीएसटी, ४३ हजार २००. जागेचं भाडं महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार. दोन शिक्षिकांना पंधरा-पंधरा हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार. दोन मावशींना नऊ-नऊ हजार, २ लाख १६ हजार. वीज, पाणी, रंगरंगोटी, जाहिरातीची पत्रकं मिळून एक लाख. बेरीज होते १४ लाख ९९ हजार २००. हाती उरतात १ लाख ८००, म्हणजे महिन्याला साधारण ८ हजार ४००. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही आणि मालकिणीचा स्वतःचा पगारही नाही. मावशींना त्याहून सहाशे रुपये जास्त मिळतात.

त्याच जागेत मुलं साठ झाली, एक शिक्षिका वाढवली आणि वरखर्च १ लाख २० हजार धरला, तर जमा २४ लाख आणि खर्च १८ लाख ४० हजार ८०० होतो. उरतात सुमारे ५ लाख ५९ हजार, महिना ४६ हजारांच्या वर. म्हणजे नफातोट्याचा सगळा खेळ चाळिसाव्या आणि साठाव्या मुलाच्या मधे आहे. ही वीस मुलं यायला किती वर्षं लागतील, हा प्रश्न कंपनीच्या माणसाला पहिल्या भेटीतच विचारायचा असतो. माहितीपत्रकातला तक्ता बहुधा भरलेल्या वर्गापासून सुरू होतो.

जीएसटीच्या त्या ४३ हजारांकडे पुन्हा एकदा पाहायला हवं. बालवर्गाच्या शिक्षणावर जीएसटी माफ आहे, त्यामुळे पालकांकडून तो घेता येत नाही. आणि जो स्वतः कर गोळा करत नाही, त्याला भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. कंपनीला दिलेल्या रॉयल्टीवरचा, सुरुवातीच्या फ्रँचायझी फीवरचा प्रत्येक रुपया कर हा निव्वळ खर्च होतो. फी तीन लाख असेल तर चेक ३ लाख ५४ हजारांचा फाडावा लागतो आणि वरचे ५४ हजार परत येत नाहीत. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या खानपानाच्या दुकानालाही अशी वजावट नसते. अबॅकससारख्या वर्गांची गोष्ट वेगळी. तिथे वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की फीवर अठरा टक्के लावावे लागतात, मात्र वजावट मिळू शकते. सीएकडे अर्धा तास बसून हे करार करण्याआधी समजून घेता येतं. बहुतेक जण पहिलं विवरणपत्र भरताना समजून घेतात.

भांडवलासाठी मुद्रा योजना आहे. २०१५ पासून दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, आणि आधीचं ‘तरुण’ गटातलं कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ पासून ही मर्यादा वीस लाखांवर गेली आहे. स्टँड-अप इंडियाखाली महिलांना दहा लाख ते एक कोटीपर्यंतच्या कर्जाची सोय २०२५ पर्यंत होती. तरी घरातल्या पहिल्या धंद्याला पैसा उभा राहतो तो पीएफमधून आणि सोन्यातून. तो कसा अडकतो ते महासाथीत दिसलं. मार्च २०२० मध्ये शाळांना टाळं लागलं आणि महाराष्ट्रातले बालवर्ग २०२२ उजाडेपर्यंत बंद राहिले. या जवळपास दोन वर्षांत जागामालक भाडं मागत होते, पालक फी थांबवत होते. ज्यांनी हप्त्यावर फर्निचर घेतलं होतं त्यांनी घसरगुंड्या आणि छोट्या खुर्च्या मिळेल त्या किमतीला काढल्या.

पाच वर्षांचा करार, अकरा महिन्यांची जागा

फ्रँचायझीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. मलेशियाने १९९८ मध्ये केला. अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय नियम आहे. पैसे घेण्याच्या किंवा सही करण्याच्या किमान चौदा दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांचं माहितीपत्र हातात द्यावं लागतं. कंपनीवरचे खटले, मालकांचा पूर्वेतिहास, सगळे खर्च, चालू केंद्रांची यादी आणि गेल्या वर्षभरात बाहेर पडलेल्यांचे संपर्कसुद्धा त्यात असतात. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आणि कंपनीच्या वकिलाने तयार केलेला चाळीसेक पानांचा मसुदा, एवढ्यावर सगळं चालतं. मसुदा इंग्रजीत असतो. त्यात बदल होत नाहीत, असं विक्री अधिकारी हसतमुखाने सांगतो.

या मसुद्यात चार जागा बोट ठेवून वाचाव्यात. पहिली, हद्द: आपल्या केंद्रापासून किती अंतरात कंपनी दुसरं केंद्र देणार नाही, ते किलोमीटरमध्ये लिहिलेलं हवं. दुसरी, खरेदी: पुस्तकं, गणवेश, कच्चा माल कंपनीकडूनच घ्यायचा असेल तर दर कोण ठरवणार आणि वर्षाला किती वाढणार. तिसरी, वाद: लवाद दिल्लीत किंवा गुडगावला ठेवलेला असतो, तेव्हा साताऱ्याच्या माणसाला तारखेसाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. चौथी, बाहेर पडणं: मुदतीआधी बंद केलं तर उरलेल्या वर्षांची रॉयल्टी मागितली जाते का.

बाहेर पडून स्वतःच्या नावाने तोच व्यवसाय करता येतो का, हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. करार कायद्याचं कलम २७ व्यवसायबंदी घालणारा करार रद्दबातल ठरवतं. पण करार चालू असतानाची बंदी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात ते स्पष्ट केलं. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेयं १९९३ मध्ये पार्लेकडून कोका-कोलाकडे गेली होती. ती बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीला पेप्सीच्या गोटात जायचं होतं. न्यायालयाने सांगितलं की फ्रँचायझी करार चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचं काम करू नये ही अट वैध आहे. एवढ्या मोठ्या कारखान्याला लागू झालेली गोष्ट रो-हाऊसमधल्या नर्सरीलाही लागू होते: पाटी खाली उतरेपर्यंत दुसरी पाटी लावता येत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मात्र जागेत. कंपनीचा करार बहुधा पाच वर्षांचा असतो. जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार आपल्याकडे सर्रास अकरा महिन्यांचा होतो. भिंतींवर कार्टून रंगवून, लहान मुलांच्या उंचीची बेसिनं बसवून झाल्यावर जागामालकाने अकराव्या महिन्यात भाडं वाढवलं, तर बोलायला जागाच उरत नाही, कारण केंद्र हलवायलाही कंपनीची परवानगी लागते. निवासी सोसायटीत असेल तर एनओसी वेगळी, आणि दुपारच्या झोपेत गाण्यांचा आवाज येतो अशी पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार वेगळी. दोन्ही करारांची मुदत एक असावी आणि जागेचा करार नोंदवलेला असावा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी तशीही सक्तीची आहे.

मुळात समोरचा माणूस कंपनीचाच आहे ना, हेही पाहावं लागतं. अमूलच्या नावाने खोट्या वेबसाइट उघडून डीलरशिपसाठी लोकांकडून पैसे उकळले जात होते. २०२० मध्ये अमूलला त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. खटल्यातल्या पहिल्याच प्रतिवादीचं नाव ‘अमूल-फ्रँचायझी डॉट इन’ असं होतं. नोंदणीचे पंचवीस हजार व्यक्तिगत खात्यावर मागितले, की फोन ठेवून द्यावा.

पाटी कोणाची

मग भाड्याची पाटी घ्यावीच कशाला? तिचे फायदे खरे आहेत. नव्या गावात, जिथे ओळखपाळख नाही तिथे पालक नावावर विश्वास ठेवून मूल पाठवतात. अभ्यासक्रम तयार मिळतो, शिक्षिकांचं प्रशिक्षण होतं, पहिल्या जूनमध्ये काय करायचं ते कोणीतरी सांगतं. दहा वर्षं नोकरीबाहेर राहिलेल्या बाईला हा आधार लाखमोलाचा वाटला, तर त्यात नवल नाही. हार्परच्या दुकानांतल्या बायकांनीही तेच विकत घेतलं होतं.

पण मराठी मुलखाला याहून वेगळ्या वाटाही माहीत आहेत. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडी गावातल्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं ही त्यांची साधनं. त्यांनी सेविका तयार केल्या, पद्धत मोकळ्या हाताने वाटली. बालवर्गाला मोठ्या नावाची पाटी लागतेच असं नाही, हे त्यातून दिसलं. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. तिथे सकाळी भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, पोरांकडे बघत लाटायचं आणि पापड आणून द्यायचे. फी नाही, रॉयल्टी नाही. प्रत्येक लाटणारी ‘भगिनी’ मालकीण. वेळेची सोय म्हणतात ती इथे खरोखरच होती.

ज्यांच्याकडे आधीच अनुभव आहे, डी.एड. किंवा बालशिक्षणाचा (ईसीसीई) अभ्यासक्रम झालेला आहे, आजूबाजूच्या चार सोसायट्यांत ओळख आहे, त्यांनी वरचा हिशेब रॉयल्टीची ओळ खोडून पुन्हा मांडावा. चाळीस मुलांच्या केंद्रात ती ओळ करासकट २ लाख ८३ हजारांची आहे. नावाशिवाय दहा मुलं कमी येतील असं वाटत असेल तर चार लाखांची फी जाईल, मग नाव घेणं परवडतं. सातच कमी येणार असतील तर २ लाख ८० हजारच जातील आणि नाव महाग पडतं.

नर्सरीचं वर्ष जूनमध्ये सुरू होत असलं तरी चौकश्या दिवाळीनंतरच सुरू होतात. जानेवारीत करार, एप्रिलमध्ये रंगकाम, जूनमध्ये घंटा, असा साधारण क्रम. दिवाळीच्या सुमारास कोणाच्या घरी असा विचार चालू असेल, तर त्यांच्याकडे करारापर्यंत दोनेक महिने असतात. त्या काळात जिची पाटी घ्यायची त्या कंपनीच्या पाच केंद्रांवर जाऊन यावं. दोन जुनी, दोन गेल्याच वर्षी उघडलेली आणि एक बंद पडलेलं. पहिल्या चारांचे पत्ते कंपनी आनंदाने देते. पाचव्याचा पत्ता अमेरिकेत कायद्याने मिळतो. आपल्याकडे तो बंद शटरशेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावा लागतो. मॅडम कुठे गेल्या, ते त्याला ठाऊक असतं.